फल्ली आपली, नाव कोणाचं?

‘येताना काय आणलं?’ गावाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे हा प्रश्न पाण्याच्या ग्लासासोबतच मिळतो. उत्तरंही ठरलेली असतात. शेगावहून आलं तर कचोरी, नागपूरहून संत्राबर्फी आणि पुण्या-मुंबईकडून आलं तर चिक्की! मुलं, जावई, भाचे, शेजारी, जो कोणी तिकडून येतो त्याच्या बॅगेतून एक चपटं पाकीट निघतंच. मग ते फोडायचं, घरभर एकेक तुकडा वाटायचा, आजीला दात नसतात म्हणून तिला खलबत्त्यात कुटून द्यायचा. चिक्की लोणावळ्याची, हे आपण इतकं गृहीत धरलंय की दुसरा विचार मनात येतच नाही.

आणि खरं सांगा मैत्रिणींनो, चिक्कीत असतं काय? फल्लीदाणे आणि गूळ. फार तर तीळ, थोडं तूप. यातलं आपल्या वऱ्हाडात काय नाही? संक्रांत आली की अमरावती-अकोल्यातल्या गल्लीगल्लीतून भाजलेल्या तिळाचा वास येतो. हळदीकुंकवाला गेलं की प्रत्येक घरच्या वडीची चव वेगळी. कुणाची दातात चिकटणारी, कुणाची दगडासारखी, तर एखादीची अशी की तोंडात टाकली की विरघळलीच! तरीही विकतची चिक्की म्हटलं की आपण पाकिटावर ‘लोणावळा’ शोधतो. असं का, हा प्रश्न मला पडायला एक कारण घडलं. ते पुढे सांगतेच. पण त्या प्रश्नापायी मागच्या हिवाळ्यात पुण्याला लेकाकडे गेले तेव्हा एक दिवस काढून मी आणि नणंदबाई लोणावळ्याला जाऊन आलो. पॉइंट बघायला नाही हं, फक्त चिक्की बघायला!

पुण्याहून लोणावळ्याला लोकल जाते. स्टेशनातून बाहेर पडून बाजाराच्या दिशेनं चालू लागलं की दोन्ही बाजूंना चिक्कीच चिक्की. पाट्यांवर नावं वाचत गेलं तर गंमत वाटते. ‘मगनलाल’ हे नाव तर एकाहून अधिक पाट्यांवर, मागे-पुढे वेगवेगळे शब्द लावून. नवख्या माणसानं खरं दुकान कोणतं म्हणावं? नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, आपल्याकडे रसवंतीच्या पाट्यांचं असंच असतं की नाही?” काचेच्या कपाटांत थप्प्या लावलेल्या. फल्लीदाण्याची, तिळाची, डाळ्याची, खोबऱ्याची, काजूची, बदामाची, राजगिऱ्याची, शिवाय दाण्याचा कूट करून केलेली ‘क्रश’. आता तर चॉकलेटची आणि स्ट्रॉबेरीच्या चवीचीही! शेजारच्या बरण्यांत फज. दुकानदार चाखायला तुकडा देतात. चार दुकानं फिरलो तोवर आमचं दुपारचं जेवण तिथेच झालं म्हणा ना.

या गोड गावाची गोष्ट सांगतात ती अशी. राजस्थानातून आलेले भेवरजी अग्रवाल नावाचे गृहस्थ १८८८ च्या सुमारास लोणावळ्यात मिठाईचा व्यवसाय करत. गूळ, दाणे आणि तूप यांची ‘गूडदाणी’ ते बनवत आणि रेल्वेच्या कामावरचे मजूर ती विकत घेत. घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्येच खुला झाला होता, म्हणजे हे मजूर त्यानंतरच्या कामांवरचे असणार. ते काही का असेना, दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला स्वस्तात ताकद देणारं, खिशात मावणारं आणि खराब न होणारं खाणं हवं होतं. ते गूडदाणीनं दिलं. पुढे भेवरजींचे चिरंजीव मगनलाल यांच्या नावानं ती नीट पाकिटात बांधून गाडीतल्या प्रवाशांपर्यंत पोचली आणि गूडदाणीची ‘चिक्की’ झाली.

म्हणजे चिक्की ही मुळात मजुराची न्याहारी! आज ती काजू-बदामाची झाली, चकचकीत वेष्टनात आली, पण तिचा जन्म घामातला आहे. मला तर हे ऐकून चिक्कीबद्दल जास्तच प्रेम वाटलं.

पण दाणे-गूळ तर गावोगाव होतं. नाव लोणावळ्याचंच का झालं? त्याचं उत्तर मला दुकानात नाही, स्टेशनावर मिळालं. मुंबईकडून येणारी गाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबते. तिथे तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. घाट चढून लोणावळ्याला आलं की ती इंजिनं काढतात. म्हणजे घाटाच्या पायथ्याशीही गाडी थांबणार आणि माथ्यावरही थांबणार. पायथ्याशी कर्जतचा बटाटेवडा नावारूपाला आला, माथ्यावर लोणावळ्याची चिक्की. वडा तिथल्या तिथे खायचा, चिक्की घरी न्यायची. गाडीतला माणूस खिडकीतून हात बाहेर काढतो तेवढ्या पाच मिनिटांत एका गावाचं नाव झालं!

आपल्याकडे तरी वेगळं काय? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली आणि गाडीतल्या प्रवाशांनी ती देशभर नेली. आज शेगावला गजानन महाराजांचं दर्शन आणि कचोरी या दोन गोष्टी केल्याशिवाय कोणी परतत नाही. उलट चिखलदऱ्याचं बघा. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण, पावसाळ्यात गर्दीच गर्दी. तिथल्या गवळीबांधवांचा खवा आणि रबडी अशी, की बोटं चाटत राहावं. पण रबडी परतवाड्यापर्यंत येईस्तोवर जीव मुठीत! घरी नेता येत नाही, म्हणून ‘येताना काय आणलं’ या प्रश्नाला चिखलदऱ्याजवळ उत्तर नाही. नुसती चव असून भागत नाही. ती टिकली पाहिजे, प्रवासाला निघाली पाहिजे आणि दहा ठिकाणी तशीच लागली पाहिजे.

‘तशीच लागली पाहिजे’ म्हणजे काय, ते मी एका जुन्या, लहानशा कारखान्यात पाहिलं. मालकांना म्हटलं, आम्ही विदर्भातल्या बायका, बचत गटासाठी शिकायला आलो आहोत. ते हसले, म्हणाले, “या ना ताई, यात लपवण्यासारखं काय आहे?” आत भट्टीची धग. एका मोठ्या कढईत गूळ वितळत होता. कारागीर पन्नाशीचे असतील. त्यांनी थर्मामीटर बाजूला टांगून ठेवलेला, पण नजर मात्र फेसावर. फेस आधी मोठा, फिका. मग बारीक होत गेला, रंग गडद तांबूस झाला. त्यांनी वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला. बोटांनी उचलून मोडला तर ‘कट्’ आवाज आला. तेव्हाच दाणे आत पडले.

हा ‘कट्’ आवाज म्हणजे सगळं शास्त्र आहे बरं का. पाकातलं पाणी उडत जातं तशी त्याची उष्णता वाढते. साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास पाक पोचला की थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो. त्याच्या आधी उतरवला तर चिक्की दातात चिकटते. जरा जास्त झाला तर कडवट लागते. मधला वेळ अर्ध्या मिनिटाचाही नसतो. मग चिमूटभर सोडा. गुळातल्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की बारीक बुडबुडे होतात आणि चिक्की खुसखुशीत होते. पुढचं काम धावपळीचं. गरम गोळा तूप लावलेल्या ओट्यावर पालथा घातला, दोघांनी दोन बाजूंनी लाटणी फिरवली, लोखंडी पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि गार व्हायच्या आत तुकडे पाडले. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. त्या वेळात कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी बाजूला बसलेल्या बायकांनी वजन करून पाकिटं भरली, तोंडं बंद केली.

मी मालकांना विचारलं, “इथे इतका पाऊस, मग चिक्की सादळत नाही?” लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या अकोल्या-अमरावतीकडे सात-आठशे मिलिमीटर पडला तर आपण देव पावला म्हणतो. गूळ तर हवेतली ओल शोषून घेणारा. ते म्हणाले, “पावसाळ्यातच तर गर्दी असते ताई. म्हणून चिक्की गार झाली की लगेच बंद. उघडी राहिली तर गेली.” मी मनात म्हटलं, अरे, कोरडी हवा तर आमच्याकडे! दिवाळीपासून होळीपर्यंत वऱ्हाडासारखी चिक्कीला पोषक हवा लोणावळ्याला कुठून मिळणार?

आता थोडं साता समुद्रापार जाऊ या. कारण चिक्कीची एक चुलतबहीण स्पेनमध्ये राहते. तिचं नाव तुरोन. बदाम, मध, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांची ती वडी. चॉकलेटमध्ये ‘नूगा’ म्हणून जो चिवट पांढरा थर आपली मुलं आवडीनं खातात, त्याच घराण्यातली. तिचे दोन मुख्य प्रकार. एक कडक, अख्ख्या बदामांचा, वर पापुद्र्यासारखी पातळ पोळी लावलेला, तो आलिकान्ते गावाच्या नावाचा. दुसरा मऊ, बदाम पार वाटून तेल सुटेपर्यंत घोटलेला, तो हिहोना गावाचा. आपली अख्ख्या दाण्यांची चिक्की आणि कुटाची वडी, तसंच हे. आपण संक्रांतीला तिळगूळ देतो, ते नाताळला तुरोन वाटतात. थंडीत तेलबिया आणि गोड खावं हे शहाणपण सगळीकडच्या आयाबायांना सुचलेलं दिसतं.

माद्रिद या स्पेनच्या राजधानीत तुरोनचं एक जुनं दुकान आहे, ‘कासा मिरा’. म्हणजे मिरांचं घर. हिहोनाहून आलेल्या लुईस मिरा यांनी ते १८४२ मध्ये सुरू केलं. त्यांची गोष्ट तिथे मोठ्या कौतुकानं सांगतात. गावाहून तुरोन लादून मिरा माद्रिदला निघाले, पण वाटेतच सगळा माल विकला गेला! परत गावी गेले, पुन्हा माल भरून निघाले, पुन्हा तेच. अशा खेपा केल्यावर कुठे ते राजधानीत पोचले. पुढे राणी दुसऱ्या इसाबेलच्या राजवाड्यात त्यांचं तुरोन जाऊ लागलं. १८५५ पासून दुकान त्याच रस्त्यावर, त्याच जागी आहे आणि अजूनही त्याच घराण्याकडे आहे. नाताळ जवळ आला की दारासमोर माणसांची रांग लागते. एक हिहोनाचा मिरा, एक राजस्थानचा अग्रवाल. दोघंही परमुलखात गेले, डोक्यावर गोडाची टोपली आणि नाव मात्र सांभाळून ठेवलेलं.

पण मला त्या दुकानापेक्षा हिहोना गावाचं जास्त कौतुक वाटलं. आलिकान्तेजवळच्या डोंगराळ भागातलं सात-आठ हजार वस्तीचं गाव. म्हणजे आपल्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढं. तुरोनचा धंदा हिवाळ्यापुरता, म्हणून तिथली कुटुंबं उन्हाळ्यात गावोगाव आइस्क्रीम विकायला जात. या गावानं काय केलं? आपल्या नावाला कुंपण घातलं. १९९६ मध्ये युरोपीय संघानं हिहोना आणि आलिकान्ते तुरोनला भौगोलिक संरक्षण दिलं. त्यावर लक्ष ठेवायला मंडळ आहे. सगळ्यात वरच्या प्रतीच्या मऊ तुरोनमध्ये कमीत कमी ६४ टक्के आणि कडक तुरोनमध्ये ६० टक्के बदाम असलेच पाहिजेत. तेवढे नसतील तर ती वरची प्रत पाकिटावर लिहायची सोय नाही. गिऱ्हाइकाला माहीत असतं, आपण पैसे मोजतो ते बदामाचे की साखरेचे.

इतक्या लांब कशाला, आपल्या देशातच बघा. तमिळनाडूत कोविलपट्टी नावाचं गाव आहे. तिथली ‘कडलै मिट्टाय’ म्हणजे चक्क फल्लीदाण्याची चिक्की. तिला एप्रिल २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या चिक्की बनवणाऱ्यांच्या संघटनेनं त्यासाठी अर्ज केला होता. आणि त्यांच्या सांगण्यात एक महत्त्वाचा मुद्दा होता, की आमचा भुईमूग आमच्या काळ्या जमिनीत पिकतो, म्हणून त्याला ही चव. काळी जमीन! मैत्रिणींनो, वाचता वाचता मी थांबलेच. काळ्या जमिनीचं आपल्याला कोणी सांगावं?

आणि भुईमुगाचं तर आपलं नातं नावातच आहे. शेतकरी घरातल्या बहुतेकींनी ‘टॅग-२४’ हे वाण ऐकलं असेल. या टॅगचा अर्थ माहीत आहे? ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते काढलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते देशात ठिकठिकाणच्या शेतांत गेलं. बुटकं झाड, उन्हाळी पिकाला चांगलं. अकोल्याचं नाव भुईमुगाच्या बियाण्यावर आहे. तिळाच्या ‘एकेटी-६४’ या वाणातही अकोलाच दडलंय. बी आपल्या नावाचं, पण त्याची वडी झाली की नाव दुसऱ्याचं. आता मघाशी म्हटलं ते कारण सांगते.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका गावातल्या महिला बचत गटाबरोबर मी काही वर्षं काम करते. बारा जणी आहेत. दोघी-तिघींच्या घरचा कर्ता माणूस नापिकीनं आणि कर्जानं गेला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, वऱ्हाडात ते सांगावं लागत नाही. पापड, शेवया, मसाले करून झाले. मग संक्रांतीच्या सुमारास त्यांनी फल्लीची आणि तिळाची चिक्की करून पाहिली आणि ती खरंच सुंदर झाली. आठवडी बाजारात दोन तासांत संपली. मग एक व्यापारी आला. म्हणाला, जेवढी कराल तेवढी घेतो, रोख देतो. अट एकच. पाकिटं तुम्ही करायची नाहीत. माल पोत्यात द्यायचा. पाकीट त्याचं, नाव त्याचं आणि खाली ‘लोणावळा स्पेशल’!

गटाच्या बैठकीत दोन तट पडले. एका तरुण पोरीनं सरळ विचारलं, “ताई, फल्ली आपली, हात आपले, अन् नाव लोनावळ्याचं काऊन जी?” सगळ्या हसल्या. पण लगेच दुसरी म्हणाली, “नाव घेऊन काय चाटतं का? मले पोराची फी भराची हाये. थो रोकडा देते ना?” त्यावरही माना हलल्या. कोणाची चूक म्हणावी? फी भरायची तारीख कोणाच्या नावासाठी थांबत नाही. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या काकू बोलल्या. एरवी त्या बैठकीत तोंड उघडत नाहीत. “अन् उद्या थ्यानं घेनं बंद केलं तं? कोन म्हनन का चिक्की आपून करत होतो?”

त्या एका वाक्यानं मला लोणावळ्याला नेलं. आणि तिथून मी एवढं समजून आले, की नाव आधी मिळत नाही, नेम आधी धरावा लागतो. दर खेपेला तोच दाणा, तोच पाक, तेच वजन. हिहोनानं आधी बदामाचं माप ठरवलं, मग नावावर हक्क सांगितला. लोणावळ्याच्या त्या कारागिरानं गप्प राहून पाकाकडे बघितलं, म्हणून दुकानदाराला बोलता आलं. आमच्या गटाची चिक्की छान होती, पण सोमवारची वेगळी आणि गुरुवारची वेगळी! ज्या बाईच्या हातात कढई, तिच्या मनावर सगळं. अशा मालाला नाव दिलं तर ते दुसऱ्या आठवड्यात पडेल.

आम्ही मग एक मधला रस्ता काढला. व्यापाऱ्याला निम्मा माल द्यायचा, पण ‘लोणावळा’ लिहिणार असेल तर नाही. जे गाव आपलं नाही त्याचं नाव लावणं म्हणजे त्या गावाच्या चार पिढ्यांच्या कष्टांवर हात मारणं आणि गिऱ्हाइकालाही फसवणं. उद्या कोणी आपल्या नागपुरी संत्र्याचं नाव भलत्याच फळाला लावलं तर आपल्याला चालेल का? त्यानं कुरकुर केली, पण शेवटी नुसतं स्वतःच्या दुकानाचं नाव टाकायला तयार झाला. उरलेला निम्मा माल गटानं आपल्या गावाच्या नावानं विकायचा. रोकड्याचीही सोय आणि नावाचीही सुरुवात.

ज्या मैत्रिणींच्या गटात असाच विचार चालू असेल त्यांच्यासाठी, आम्ही काय काय बदललं ते सांगते.

पहिलं म्हणजे दाणे निवडणं. भुईमुगाला ओल लागली की बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा म्हणजे ‘चालून जाईल’ असं म्हणायचं नाही, बाहेरच काढायचा. आता दोघी फक्त निवडायला बसतात. २०१८ च्या डिसेंबरात लोणावळ्यातल्या एका नामांकित उत्पादकालाही अन्न व औषध प्रशासनानं मालाच्या तपासणीच्या मुद्द्यावरून काही काळ उत्पादन आणि विक्री थांबवायला लावली होती. एवढ्या जुन्या नावाला जे चुकलं नाही ते आपल्याला कसं चुकेल? तपासणीला घाबरायचं नाही, तिच्या आधी तयार राहायचं.

दुसरं, वाटी-चिमूट बंद, वजनकाटा सुरू. एक किलो दाण्याला किती गूळ, ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. गूळही चिक्कीचाच, कोल्हापूर-सांगलीकडून येणारा, एकाच दुकानातून घ्यायचा. तिसरं, पाकाचा थर्मामीटर आणला. काकूंना आधी राग आला. “माह्या डोयापेक्षा हे कांडी शहानी हाये का?” मग त्यांचा डोळा आणि कांडी दोन्ही एकाच वेळी ‘उतरवा’ म्हणायला लागले, तेव्हा त्या स्वतःच सगळ्यांना थर्मामीटर दाखवत सुटल्या. चौथं, गार झाली की लगेच पाकीट बंद, हे लोणावळ्याकडून शिकलो. पाचवं, पाकिटावर खरं खरं लिहायचं. घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावी आणि त्यात शेंगदाणे आहेत ही सूचना. काहींना दाण्याची अॅलर्जी असते, त्यांच्यासाठी ते फार महत्त्वाचं. लहान उत्पादकांसाठी अन्न सुरक्षा खात्याची साधी नोंदणी असते, ती करून घ्यायची. माविम १९७५ पासून आणि ‘उमेद’ अभियान २०११ पासून बचत गटांसोबत आहे. त्यांच्या तालुक्याच्या ताईंना गाठलं की कागदपत्रांचा अर्धा डोंगर कमी होतो, हा आमचा अनुभव.

आणि एक गोष्ट आम्ही आमच्या मनानं केली, जवसाची चिक्की! जवस आपल्याकडचं जुनं पीक. आपण चटणीपुरतं ठेवलंय. थोडा तीळ, थोडा जवस, गुळाचा पाक. पहिली कढई फसली, जवस जास्त भाजला गेला. चौथ्या खेपेला जमली. लोणावळ्याच्या कपाटात काजू, बदाम, चॉकलेट सगळं पाहिलं, पण तिथे आम्हाला जवसाची चिक्की दिसली नाही. मग हीच आपली, असं बायकांनी ठरवून टाकलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. व्यापाऱ्याचे पैसे रोख येतात, आपल्या नावाच्या पाकिटांचे महिन्यानं येतात. एका दुकानदारानं पाकिटं मागच्या फळीवर ठेवली, म्हणाला, “गावठी नाव आहे, कोण घेणार?” फी भरायची म्हणणारी ती बाई अजूनही दर बैठकीत विचारते, निम्म्याऐवजी सगळाच माल त्याला का देत नाही? तिचा प्रश्न खोटा नाही. तिला मी नावाचं महत्त्व तोंडानं सांगू शकत नाही. ते पाकीट विकलं गेलं आणि पैसे तिच्या हातात पडले तरच तिला पटेल. आणि ते आता आपल्यासारख्यांच्या हातात आहे.

म्हणून ही विनंती. लोणावळ्याची चिक्की जरूर आणा, आवडीनं खा. त्या गावानं ते नाव कमावलंय. पण येत्या संक्रांतीला वाण लुटताना, मुलाच्या शाळेच्या डब्यासाठी घेताना, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना परत पाठवताना एक पाकीट आपल्या बाजाराचं घ्या. पाकीट उलटं करून बघा, त्यावर गावाचं नाव आहे का, तारीख आहे का, वजन आहे का. नसेल तर त्या बाईला प्रेमानं सांगा, “बाई, नाव लिही गं तुझ्या गावाचं.” चिक्की चिवट झाली असेल तर तेही सांगा. आमच्या गटाला पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाईक ताईंनी चिवट झाल्याचं सांगितलं म्हणूनच थर्मामीटर आला. आणि पुण्याला राहणारी लेकरं सुटीवरून परत जाताना रिकाम्या हातानं पाठवू नका. तिकडेही कोणीतरी त्यांना विचारणारच आहे, “येताना काय आणलं?”